शाळेची परिचारिका

शाळेचा हजेरीपट ही मोठी अबोल वस्तू आहे. मूल आले नाही एवढेच तो सांगतो. ते का आले नाही, हे त्याला ठाऊक नसते. तापाने फणफणलेला, शेतावर राखणीला गेलेला, फी थकली म्हणून तोंड चुकविणारा आणि नुसताच उनाडणारा, ह्या सर्वांच्या नावापुढे एकच खूण पडते. इ. स. १९०२ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या शाळांतून १०,५६७ मुलांना परत धाडण्यात आले. ही मुले आपण होऊन घरी राहिली नव्हती. शाळेनेच त्यांना दाराबाहेर काढले होते. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात हाच आकडा १,१०१ वर आला. मधल्या बारा महिन्यांत त्या शहरातील रोग पळून गेले नव्हते, की कोणते रामबाण औषधही निघाले नव्हते. नवे घडले होते ते इतकेच की, शाळेत परिचारिका येऊ लागली होती.

हा पालट कसा घडला हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. मुलांना शाळेत आणणे हे एकोणिसाव्या शतकातील राज्यकर्त्यांचे मोठे कार्य होते. परंतु पन्नास-पन्नास मुले एका खोलीत, एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसविली की विद्येबरोबर इतर गोष्टींचीही देवघेव होते. घटसर्प, गोवर, डांग्या खोकला हे रोग शाळेच्या वाटेने घरोघरी शिरू लागले. बॉस्टन शहरात घटसर्पाने हाहाकार उडाला, तेव्हा तेथील आरोग्यखात्याने १८९४ मध्ये पन्नास डॉक्टर शाळांच्या तपासणीसाठी नेमले. न्यूयॉर्कने १८९७ मध्ये तोच कित्ता गिरवला आणि दीडशे डॉक्टर नेमले. त्यांनी रोज एक तास शाळांना द्यावा आणि महिन्याला तीस डॉलर घ्यावेत, असा करार होता. शिक्षकाने संशयित मुले बाजूला काढून ठेवावीत, डॉक्टरांनी येऊन ती पाहावीत, आणि ज्याचा रोग दुसऱ्यास जडण्याजोगा असेल त्यास घरी पाठवावे. औषध देणे हे त्या डॉक्टरांचे कामच नव्हते. त्यांच्याकडे राखणदाराचे काम होते, वैद्याचे नव्हे.

ही व्यवस्था अगदीच टाकाऊ होती असे म्हणता येणार नाही. घटसर्पाने घसा धरलेले मूल वर्गात बसू देणे म्हणजे पन्नास घरांत मृत्यूला आमंत्रण देणे होते. परंतु १९०२ साली शहराच्या आरोग्यखात्याची सूत्रे अर्न्स्ट लेडर्ले ह्यांच्या हाती आली आणि त्यांनी तपासणी कडक केली. त्याबरोबर चित्र पालटले. आता डॉक्टर केवळ घसा पाहून थांबत नसत. पापण्या उलटून खुपऱ्या पाहत, केस विंचरून उवा-लिखा पाहत, बोटांच्या बेचक्यांत खरूज आणि डोक्यावर नायटा पाहत. जे पाहावयास जावे ते सापडतेच. विशेषतः शहराच्या पूर्वेकडील दाट वस्तीत ते फारच सापडले. ह्या भागास लोअर ईस्ट साइड म्हणतात. रशियातून छळाला कंटाळून आलेले ज्यू आणि दक्षिण इटलीतून पोटासाठी आलेले शेतकरी तेथील चाळींतून राहत. एका खोलीत आठ-आठ माणसे, पाणी जिन्याखालच्या नळाला, आणि दिवसभर घरातच कापड शिवण्याचे काम. ह्या घरांतून आलेल्या मुलांच्या डोक्यात उवा निघाल्या ह्यात नवल ते कोणते!

अशा मुलाच्या हाती एक चिठ्ठी देऊन त्यास घरी पाठवीत. चिठ्ठीवर रोगाचे नाव असे आणि तेही लॅटिन वळणाचे. ज्या आईला इंग्रजी वर्णमालाही ठाऊक नाही, तिला त्या नावातून काय उमगणार? बापाने फार तर एवढे ताडावे की, पोराने काही आगळीक केली म्हणून त्यास हाकलले आहे. मग एक चपराक आणि पुन्हा रस्ता. ज्याला डोळे आहेत त्या कोणालाही आणखी एक विसंगती दिसत होती. संसर्गाच्या भीतीने सकाळी वर्गाबाहेर काढलेला मुलगा संध्याकाळी त्याच वर्गातल्या मुलांबरोबर त्याच गल्लीत खेळत असे. म्हणजे रोग शाळेत पसरावयाचा तो रस्त्यावर पसरे आणि मूल शिक्षणास मात्र मुके. ज्याच्या डोक्यावरचा नायटा दोन महिने बरा होत नाही त्याचे दोन महिने गेले. जो बराच होत नाही त्याचे वर्ष गेले. मोठे भाऊ किंवा बहिणी कामावर गेल्या की घरी धाकट्यांना सांभाळावयास असे मूल बरेच उपयोगी पडते. ते मग पुन्हा शाळेकडे वळत नाही.

ह्याच वस्तीत लिलियन वाल्ड नावाची एक शिकलेली परिचारिका १८९३ पासून राहत होती. तिचा जन्म १८६७ चा, घर खाऊनपिऊन सुखी. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेतल्यावर ह्या चाळींतील एका आजारी बाईच्या खोलीत तिला जावे लागले. तेथे जे पाहिले त्याने तिने ठरविले की, आपण येथेच राहावयाचे. सोबत मेरी ब्रूस्टर नावाची मैत्रीण होती. पुढे १८९५ मध्ये हेन्री स्ट्रीटवरील घर मिळाले आणि तेथून अनेक परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. पण आरंभीची वस्ती पाच जिने चढून जाव्या लागणाऱ्या एका बिऱ्हाडात होती.

त्या सुरुवातीच्या दिवसांत वाल्डबाईंना लुई नावाचा बारा वर्षांचा एक मुलगा भेटला. तो एकदाही शाळेत बसला नव्हता. जावे तेव्हा त्याच्या डोक्यावरचा इसब पाहून त्यास परत पाठवीत. आईने दवाखान्यातून मलम आणले होते. ते कसे लावावयाचे हे मात्र तिला कोणी नीट दाखविले नव्हते. वाल्डबाईंनी नवे औषध दिले नाही. तेच मलम घेऊन ते रोज, नियमाने आणि योग्य रीतीने लावले. सप्टेंबरात डोके स्वच्छ झाले आणि मुलाला शाळेत प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पाच जिने धावत चढून वर आला आणि त्या सकाळी शिकलेल्या शब्दांची स्पेलिंगे बाईंना घडाघडा म्हणून दाखवू लागला. वाल्डबाईंनी ही हकीकत पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. तीत वैद्यकाचा चमत्कार नाही. मलम होते, आई होती, शाळा होती आणि शिकण्यास आतुर मुलगाही होता. ह्या चौघांना जोडणारे माणूस तेवढे नव्हते.

म्हणून १९०२ मध्ये हजारो मुले रस्त्यावर आली, तेव्हा काय करावयास हवे हे वाल्डबाईंस शोधावे लागले नाही. त्यांनी आरोग्यखात्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. हेन्री स्ट्रीटची एक परिचारिका एक महिना शाळांना द्यावयाची, खर्च त्यांचा. मात्र त्यांनी एक अट आधीच घालून ठेवली. प्रयोग यशस्वी झाला तर ह्या कामाचा पगार सरकारी तिजोरीतून मिळावा, ह्यासाठी अधिकाऱ्यांनी आपले वजन खर्चावे. ही अट म्हणजे वाल्डबाईंच्या व्यवहारज्ञानाचा उत्तम पुरावा होय. धर्मादाय म्हणून सुरू झालेली कामे दात्याच्या मर्जीबरोबर वाढतात आणि तिच्याबरोबरच मरतात, हे त्या जाणून होत्या. शाळा सरकारी असेल तर शाळेतील शुश्रूषाही सरकारी असावी, हा त्यांचा आग्रह होता.

ह्या कामासाठी निवड झाली ती लिना रॉजर्स ह्यांची. रॉजर्सबाई मूळच्या कॅनडाच्या. टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात त्यांनी शिक्षण घेतले होते. जेथून सर्वांत अधिक मुले घरी पाठविली जात अशा चार शाळा त्यांच्याकडे दिल्या, आणि १ ऑक्टोबर १९०२ रोजी काम सुरू झाले.

त्यांच्या कामाची रीत सांगण्यासारखी आहे, कारण पुढे देशोदेशी जी पद्धत रुजली तिचा सांगाडा येथेच तयार झाला. सकाळी परिचारिका शाळेत येई. डॉक्टरांनी खूण केलेली मुले एकेक करून तिच्याकडे येत. ज्यांचे दुखणे किरकोळ असेल त्यांचे तेथेच धुवावयाचे, पुसावयाचे, औषध लावावयाचे, पट्टी बांधावयाची आणि मुलाला परत वर्गात धाडावयाचे. नायट्यावर औषध लावून तो नीट झाकला की शेजारच्या मुलास त्याची बाधा होण्याची भीती फारशी उरत नाही. मग त्यास घरी कशासाठी बसवावयाचे? दहा-पंधरा मिनिटांचे काम. परंतु त्यामुळे मुलाचा दिवस वाचे. खुपऱ्यांसारखे दुखणे असेल तर ते डॉक्टरकडे किंवा धर्मार्थ दवाखान्यात पोहोचते की नाही हे ती पाही. घटसर्पासारखा रोग असेल तर मूल घरीच राही. ह्या बाबतीत तिने सवलत मागितली नाही.

शाळा आटोपल्यावर कामाचा दुसरा आणि अधिक अवघड भाग सुरू होई. हाती पिशवी घेऊन ती मुलांच्या घरी जाई. ज्या चिठ्ठीतील लॅटिन शब्दांनी आई भांबावली होती, त्या चिठ्ठीचा अर्थ ती हाताने करून दाखवी. भाषा येत नसली तरी हातांची भाषा सर्वांना कळते. उवांसाठी त्या काळी रॉकेल आणि गोडे तेल मिसळून केसांना चोपडीत, रात्रभर डोके बांधून ठेवीत आणि सकाळी धुऊन फणीने विंचरीत. आजचा कोणताही डॉक्टर रॉकेलाचा उपाय सांगणार नाही, आणि तो कोणी करूही नये. पण दाट दातांच्या फणीची महती मराठी घरांना सांगावयास नको. मुद्दा असा की, आईला दोष न देता, तिच्या चुलीपाशी बसून, तिच्याच फणीने हे करून दाखविणारी बाई त्या वस्तीत पूर्वी कोणी पाठविली नव्हती. घरी गेल्यावर परिचारिकेला आणखीही काही दिसे. मूल आजारी आहे ते उपासाने, की मोठी बहीण कारखान्यात गेल्यामुळे धाकटीला घरी ठेवले आहे, की बाप खोकतो आहे आणि त्याची थुंकी खोलीतच पडते आहे. शाळेत उभ्या असलेल्या डॉक्टरला ह्यातले काहीही दिसण्याजोगे नव्हते.

महिना संपला तेव्हा प्रयोगाच्या उपयुक्ततेविषयी वाद उरला नव्हता. शहराच्या अंदाजपत्रकात शिकलेल्या परिचारिकांसाठी ३०,००० डॉलर मंजूर झाले. नगरपालिकेच्या पगारावर शाळांतून काम करणाऱ्या ह्या जगातील पहिल्याच परिचारिका, असे वाल्डबाईंनी अभिमानाने नमूद केले आहे. आरंभी दिलेले सप्टेंबरचे दोन आकडे ह्या कामाचे फळ होत. मात्र ते आकडे जपून वाचावयास हवेत. त्यांचा अर्थ नऊ हजारांवर मुले रोगमुक्त झाली असा नाही. ज्या दुखण्यासाठी पूर्वी मूल घरी बसविले जाई, त्याच दुखण्यावर आता ते शाळेत राहून उपचार घेई, असाही त्यांचा बराचसा अर्थ आहे. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर ह्या दुसऱ्या अर्थाने त्या आकड्यांचे मोल कमी होत नाही, उलट वाढते.

ह्या कथेत सारे गोडच आहे असे नाही. जून १९०६ मध्ये ह्याच वस्तीत एक मोठा गोंधळ उडाला. नाकाच्या मागे घशात वाढणाऱ्या गाठींमुळे काही मुले तोंडाने श्वास घेत आणि वर्गात मंद वाटत. एका शाळेत डॉक्टर आणून त्या गाठी काढण्यात आल्या. मुले घरी गेली ती रक्ताळलेल्या तोंडाने. पाहता पाहता चाळीचाळीतून अफवा उठली की, शाळेत मुलांचे गळे कापीत आहेत. ज्या ज्यूंनी रशियात आपल्या लोकांची कत्तल नुकतीच अनुभवली होती, त्यांना ह्यात अशक्य असे काही वाटले नाही. हजारो आया शाळांवर धावल्या, दारे ठोठावली, खिडक्या फोडल्या आणि आपापली मुले हिसकून घेऊन गेल्या. त्या आयांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. परंतु मुलाच्या अंगाला शस्त्र लावण्यापूर्वी आईला ते तिच्या भाषेत समजावून सांगावे, ही साधी गोष्ट पुरती झाली नव्हती, हेही तितकेच खरे. परिचारिकेने चार वर्षे जिने झिजवून जो विश्वास मिळविला होता, तो एका दुपारी असा पणाला लागला. तरीही काम थांबले नाही. १९०८ मध्ये डॉक्टर जोसेफीन बेकर ह्या स्त्रीच्या हाताखाली न्यूयॉर्कने बालआरोग्याचे स्वतंत्र खातेच उघडले. रॉजर्सबाई १९१० मध्ये टोरोंटोस परत गेल्या, तेथील शाळांतून त्यांनी हेच काम उभे केले आणि १९१७ मध्ये शाळेच्या परिचारिकेच्या कामावर एक ग्रंथ लिहिला.

न्याय्यतेसाठी सांगावयास हवे की, ही कल्पना केवळ अमेरिकेची नव्हे. लंडनच्या ड्रुरी लेनमधील एका गरीब शाळेत एमी ह्यूज नावाची परिचारिका १८९२ पासूनच जात असे, आणि १८९८ मध्ये तेथे ह्या कामासाठी एक संस्थाही निघाली. परंतु इंग्लंडातील सरकार जागे झाले ते वेगळ्या कारणाने. बोअर युद्धासाठी भरतीला आलेले तरुण इतक्या मोठ्या संख्येने अशक्त निघाले की, राज्यकर्त्यांना साम्राज्याची काळजी पडली. चौकशी-समिती बसली, १९०४ मध्ये तिचा अहवाल आला आणि १९०७ च्या कायद्याने शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. मुलाचे किडके दात शिक्षणासाठी नव्हे, तर बंदुकीसाठी महत्त्वाचे ठरले! हेतू काहीही असो, मुलांचे हित झाले.

आता आपल्या देशाकडे वळावयाचे तर पहिले नाव बडोद्याचे निघते. श्री. सयाजीराव गायकवाड महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली प्रांतात केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदे शहरात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेचा पहिला नोंदलेला प्रयत्न म्हणून तिचा उल्लेख होतो. ह्या दोन गोष्टी पाठोपाठ आल्या हे स्वाभाविकच होय. मुलास शाळेत पाठविण्याची सक्ती सरकार करीत असेल, तर शाळेत आलेल्या त्या मुलाच्या शरीराची जबाबदारी सरकारला टाळता येत नाही.

तपासणीस डॉक्टर मिळाले. परंतु परिचारिका कोठून आणावयाच्या? न्यूयॉर्कमध्ये जे काम एका महिन्यात उभे राहिले ते येथे चाळीस वर्षांत राहिले नाही, ह्याचे मुख्य कारण हेच. शुश्रूषेच्या धंद्याकडे आपल्या समाजाने फार काळ तुच्छतेने पाहिले. परक्याच्या अंगाला हात लावावयाचा, रात्री-अपरात्री घराबाहेर राहावयाचे, हे कुलीन घरच्या बाईला शोभत नाही अशी समजूत. १९०९ सालीच पुण्यात रमाबाई रानडे ह्यांनी सेवासदन काढले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळावे अशी सोय केली, तेव्हा त्यांना विधवांची व मुलींची मने जितकी वळवावी लागली, त्याहून अधिक त्यांच्या घरच्या माणसांची वळवावी लागली असेल. अशा प्रयत्नांना फळे आली. पण देशाच्या मानाने ती मूठभर होती. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात हिशेब मांडला आहे की, देशात ४३,००० माणसांमागे एक परिचारिका आहे. शाळांतील आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असेही त्याच अहवालात म्हटले आहे. जेथे बाळंतिणीला परिचारिका मिळत नाही तेथे नायटा झालेल्या मुलाला ती कोठून मिळावी?

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९६० मध्ये शालेय आरोग्याच्या प्रश्नावर समिती नेमली, योजना झाल्या, काही राज्यांत तपासणीची पथके फिरू लागली. त्यांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख म्हणजे ६ फेब्रुवारी २०१३. त्या दिवशी पालघर येथे, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी इत्यादी पद्धतींचे दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक गाडीतून गावोगाव जाते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, हृदयाचा दोष, कमी दिसणे, कमी ऐकू येणे, रक्ताची कमतरता, खुंटलेली वाढ हे सारे पाहिले जाते आणि मोठ्या उपचारांसाठी मुलांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविले जाते. ज्या खुपऱ्यांनी न्यूयॉर्कचे वर्ग ओस पाडले, त्यांचा सार्वजनिक आरोग्यावरील धोका भारतातून संपला असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले. १९०२ च्या मानाने ही मजल थोडी नव्हे.

मात्र पथकाच्या गाडीची वेळ ठरलेली असते. एका दिवसात शाळेतील सर्व मुले पाहावयाची असतात आणि दुसऱ्या दिवशी दुसरे गाव गाठावयाचे असते. तपासून झालेल्या मुलीच्या हाती चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी आता लॅटिनमध्ये नसते. मुलगी ती दप्तरात घालते. चष्म्यासाठी किंवा कानासाठी जिल्ह्याच्या गावी जावयाचे म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी बुडावयाची, आणि पेरणीचे किंवा ऊसतोडणीचे दिवस असले तर तेही शक्य नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाबरोबर मूलही जाते आणि चिठ्ठी गावातल्या कुलूपबंद घरात राहते. पथकातील परिचारिका पुढच्या वर्षी त्या शाळेत पुन्हा येते, तेव्हा मागच्या वर्षीच्या नोंदी तिच्या वहीत असतात. त्यांतील एखादे नाव वाचून ती वर्गाकडे पाहते, आणि शिक्षक हजेरीपट उघडून ते नाव शोधू लागतात.